स्वाइन फ्लू: पुण्याने २००९ मध्ये विचारलेले आणि आजही विचारले जाणारे प्रश्न

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका १४ वर्षांच्या मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. पुढच्या तीन-चार आठवड्यांत घाबरलेल्या शहराने जे प्रश्न विचारले, तेच २०१५ च्या साथीत परत आले, २०२३ च्या सुरुवातीला एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराच्या बातम्या झळकल्या तेव्हाही आले, आणि दर पावसाळ्यात थोड्याफार फरकाने येतातच. ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर 'दवाखान्यात कधी धावायचं?' हा प्रश्न आधी वाचा. या साथींमध्ये लोक घाबरले ते बहुतेक वेळा भलत्याच गोष्टींना, आणि जिथे खरोखर घाबरायला हवं होतं तिथे 'आजची रात्र बघू' म्हणत घरी बसले.

नाव स्वाइन फ्लू आहे, मग तो डुकरांपासून होतो ना? आमच्या गल्लीत डुकरं फिरतात.

गल्लीतल्या डुकरांबद्दल महापालिकेकडे तक्रार जरूर करा, पण स्वाइन फ्लूसाठी नको. एच१एन१ चा जो नवा विषाणू एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात सापडला, त्याची जनुकं डुकरांमधल्या फ्लूच्या विषाणूंची सरमिसळ होऊन तयार झाली होती. त्यात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूचा अंशही होता. हा झाला त्याचा पूर्वेतिहास. माणसात शिरल्यावर तो माणसाकडून माणसाकडेच पसरला: खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या थेंबांतून, आणि ते थेंब लागलेला हात नाका-डोळ्यांना लावल्यामुळे. पुण्यात जे आजारी पडले त्यांना तो शेजारच्या बाकावरच्या, शेजारच्या टेबलावरच्या किंवा घरातल्याच माणसाकडून मिळाला.

डुकरांवर राग काढल्याने काय होतं ते इजिप्तमध्ये दिसलं. देशात एकही रुग्ण नसताना तिथल्या सरकारने सुमारे ३ लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. कैरोचा ओला कचरा कचरावेचकांची हीच डुकरं खात असत. साथ काही थांबली नाही, उलट रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साठले.

पोर्क खाल्लं तर? आणि चिकन?

नीट शिजवलेल्या पोर्कमधून फ्लू होत नाही. ७० अंश सेल्सिअसला विषाणू टिकत नाही आणि सोरपोतेल किंवा विंदालू त्याच्या बरंच वर उकळतं. त्यामुळे गोव्याच्या मंडळींनी चिंता करू नये.

चिकनची भीती वेगळ्या साथीतून आलेली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. देशातली ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले, पण नवापुरात माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालं नाही. बर्ड फ्लूचा धोका असतो तो आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळणाऱ्याला. ताटातल्या शिजलेल्या रश्श्यातून तो येत नाही.

साधा ताप-सर्दी आणि हा फ्लू, फरक ओळखायचा कसा?

लक्षणांवरून खात्रीने ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. ढोबळ फरक सांगता येतो. सर्दी हळूहळू चढते, नाक गळतं, पण माणूस हिंडता-फिरता असतो. फ्लूमध्ये सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. एकदम ताप, थंडी, अंग ठेचून काढल्यासारखं दुखणं, डोकेदुखी, घसा, कोरडा खोकला. २००९ च्या विषाणूत काहींना उलट्या-जुलाबही झाले, लहान मुलांना जास्त.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण १ ते ४ दिवस जातात. खरी गोम पुढे आहे. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस विषाणू पसरवायला लागतो. म्हणून विमानतळावर ताप मोजणारे कॅमेरे लावले तरी कित्येक जण बिनबोभाट बाहेर पडले. त्यांना त्या घडीला ताप नव्हताच.

तपासणी करून घेतलेली बरी ना? मनाची शांती तरी मिळेल.

ऑगस्ट २००९ मध्ये हेच 'मनाची शांती' प्रकरण पुण्याला महागात पडलं. पहिला मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. पावसाची भुरभुर, तोंडाला रुमाल, कडेवर पोर, आणि तासन् तास एकमेकांना खेटून उभे असलेले लोक. त्यातल्या बहुतेकांना साधी सर्दी होती, काहींना तीही नव्हती, आणि थोड्यांना खरोखरचा फ्लू होता. ज्याला आजार नाही त्याने आजार घेऊन घरी जाण्याची याहून चांगली सोय करता आली नसती. दुसरीकडे घशातल्या द्रावाचे नमुने एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, साचत गेले आणि ज्या रुग्णांचा अहवाल तातडीने हवा होता तेही त्याच गठ्ठ्यात अडकले.

यातूनच केंद्राच्या आरोग्य खात्याने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले. ते आजही वापरात आहेत. 'अ' म्हणजे सौम्य ताप, खोकला, अंगदुखी: तपासणी नको, टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध नको, घरी विश्रांती घ्या, दोन दिवसांनी डॉक्टरांना परत दाखवा. 'ब' म्हणजे ताप जास्त असलेले किंवा जोखीम असलेले रुग्ण, उदाहरणार्थ गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी, लहान मूल, म्हातारं माणूस: तपासणीसाठी न थांबता डॉक्टर औषध ठरवतात. 'क' म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं वगैरे: तपासणीही करायची आणि रुग्णालयात भरतीही लगेच.

म्हणजे अहवालाने उपचार बदलणार असेल तरच तपासणीला अर्थ आहे. आणखी एक: झटपट निकाल देणाऱ्या चाचण्या फ्लूचे बरेच रुग्ण सोडून देतात. ती निगेटिव्ह आली म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी ठेवू नका.

दवाखान्यात कधी धावायचं?

हा या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि विचारणारे सगळ्यात कमी.

फ्लूचे बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात आपोआप बरे होतात. ज्यांचं बिघडतं त्यांचं बहुधा ताप आल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बिघडतं, आणि मग फार झपाट्याने. विषाणू फुप्फुसात उतरतो, न्यूमोनिया होतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो. २००९ मध्ये यात तिशी-चाळिशीची, एरवी ठणठणीत माणसंही होती, आणि म्हणूनच त्यांच्या घरच्यांनी वाट पाहिली. 'तरुण आहे, निघेल यातून.' व्हेंटिलेटरवर जाईपर्यंत औषध सुरूच न झालेले रुग्ण तेव्हा डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले.

मोठ्या माणसाच्या बाबतीत यातलं एकही दिसलं तर रात्र उलटू देऊ नका: बसल्या जागी किंवा दोन वाक्यं बोलतानाही दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, ओठ किंवा नखं निळसर होणं, असंबद्ध बोलणं किंवा सारखी गुंगी, लघवी खूप कमी होणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप चढून खोकला वाढला, तर तेही लक्षण चांगलं नाही. अशा वेळी फ्लूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला असू शकतो.

लहान मूल 'दम लागतो' असं सांगत नाही, म्हणून त्याचा श्वास मोजायचा. मूल शांत असताना, शक्यतो झोपलेलं असताना, अंगावरचा सदरा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिने ते १ वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे ते जलद झाले. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल, सारखं पेंगत असेल किंवा सहा-आठ तासांत शू केली नसेल, तर आकडा मोजत बसू नका, सरळ निघा.

कोविडने एक बरं केलं: घरोघरी ऑक्सिमीटर आले. २००९ मध्ये ते फक्त रुग्णालयात दिसायचे. नखाला नेलपॉलिश नको, बोट गार नको, एक मिनिट स्थिर बसा आणि मग आकडा वाचा. ९४ च्या खाली सारखा राहत असेल तर रुग्णालय गाठा. आकडा ९७ आहे पण माणूस धापा टाकतोय, अशा वेळी माणसावर विश्वास ठेवा.

टॅमिफ्लू घरात आणून ठेवू का?

नको. टॅमिफ्लू हे ओसेल्टामिविर या औषधाचं कंपनीचं नाव. ताप आल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा फायदा सगळ्यात जास्त. गंभीर रुग्णाला मात्र ४८ तास उलटून गेले तरी देतात, 'आता उशीर झाला' म्हणून थांबत नाहीत. मोठ्या माणसाला साधारणपणे ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनावर, मूत्रपिंडाच्या रुग्णांना वेगळा डोस. मळमळ आणि उलटी हा नेहमीचा त्रास.

साठा का नको? एक तर ज्याला गरज आहे त्याला मिळत नाही. दुसरं म्हणजे अर्धवट, उगाच घेतलेल्या औषधांनी विषाणू निगरगट्ट होण्याची वाट मोकळी होते. २००८-०९ च्या हंगामात जुन्या, नेहमीच्या एच१एन१ विषाणूवर जगात बहुतेक ठिकाणी हे औषध चालेनासं झालं होतं. नवा विषाणू त्याला दाद देत होता, हे आपलं नशीब. म्हणूनच भारतात सुरुवातीला ते दुकानांत मोकळं विकायला दिलं नव्हतं, सरकारी केंद्रातूनच मिळायचं. त्या वेळी लोक यावर फार चिडले होते. मला मात्र तो निर्णय बरोबर वाटतो. चूक होती ती केंद्रं पुरेशी नसण्यात.

कापूर-वेलची कुटून रुमालात बांधून हुंगायची, हे खरं का?

२००९ मध्ये हा एसएमएस इतका फिरला की कापराच्या वड्या मिळेनात. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा गुण. विषाणूला त्याने काही होत नाही. नीलगिरीच्या तेलाचंही तेच. मात्र कापूर लहान मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. तुळस-आलं-गवती चहाचा काढा जरूर प्या, घशाला बरं वाटतं आणि पोटात पाणी जातं.

चक्रीफुलाची गोष्ट जरा गमतीची. टॅमिफ्लू बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढतात हे खरंच आहे. ही बातमी छापून आली आणि लोकांनी मसाल्याच्या डब्यातली चक्रीफुलं चहात टाकली. पण त्या आम्लावर कारखान्यात बऱ्याच रासायनिक प्रक्रिया झाल्यावर औषध तयार होतं. चहात चक्रीफूल टाकून चहाला बिर्याणीचा वास येतो, इतकंच.

मास्क कोणता? एन-९५ च हवा का?

ज्याला खोकला-ताप आहे त्याने तीन पदरी साधा मास्क लावला तर घरच्यांचं रक्षण सगळ्यात जास्त होतं. नेमका तोच लावत नाही, बाकीचे सगळे लावून फिरतात. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यानेही लावावा. एन-९५ हा मुख्यतः रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा, दाढीवर तो बसत नाही. २००९ मध्ये तो काळ्या बाजारात अव्वाच्या सव्वा भावाने विकला गेला आणि लोकांनी धुऊन-धुऊन वापरला. धुतला की त्याचं काम संपलं.

पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली आधीपासूनच नखशिखान्त स्कार्फ बांधून हिंडत असल्याने त्यांना वाटलं आपण तयारच आहोत. स्कार्फ धुळीला आणि उन्हाला ठीक. आठवडाभर न धुतलेला, दिवसातून दहा वेळा हाताळलेला स्कार्फ विषाणूला अडवत नाही.

मास्कपेक्षा कंटाळवाणी पण जास्त खात्रीची गोष्ट म्हणजे साबणाने हात धुणं. दाराचा खटका, मोबाइल, जिन्याचा कठडा अशा टणक पृष्ठभागांवर विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो.

घरात सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत आणि जाऊबाईंना सातवा महिना. जास्त सांभाळायचं कुणाला?

दोघींना, पण २००९ चाच विचार केला तर जाऊबाईंना आधी. हे लोकांना पटत नाही. नेहमीच्या फ्लूत म्हातारी माणसं जास्त दगावतात. त्या साथीत उलटं झालं. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना लहानपणी या विषाणूच्या जवळच्या नात्यातला फ्लू होऊन गेला होता आणि शरीराने ती ओळख ठेवली होती. जगभरात जे दगावले त्यातले अंदाजे ८० टक्के ६५ वर्षांच्या आतले होते. गरोदरपणात, खास करून शेवटच्या तीन महिन्यांत, फुप्फुसांना जागा कमी पडते आणि प्रतिकारशक्तीही बदललेली असते. त्यामुळे गरोदर बाईला ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टॅमिफ्लू गरोदरपणातही देतात.

मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, खूप लठ्ठपणा, कर्करोगावरचे उपचार चालू असणं आणि दोन वर्षांच्या आतलं मूल, ही बाकीची जोखमीची मंडळी. आजच्या फ्लूमध्ये सासूबाईही या यादीत पुन्हा वर आल्या आहेत. दोघींनाही ताप असलेल्या माणसाच्या खोलीत जाऊ देऊ नका.

लस घ्यायची का? दरवर्षी?

जोखीम असेल तर हो, आणि दरवर्षी. विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते. २००९ चा एच१एन१ नंतर नेहमीच्या हंगामी फ्लूत सामील झाला, त्यामुळे २०१० पासून तो नेहमीच्या लशीत असतोच. वेगळी 'स्वाइन फ्लूची लस' मागत फिरू नका.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि थंडीच्या अखेरीस पुन्हा डोकं वर काढतो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा मे महिना किंवा जूनची सुरुवात बरी. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू जिवंत नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. नाकात फवारायची लस जिवंत पण अशक्त विषाणूची असते, ती गरोदर बाईला देत नाहीत.

भारतीय लशी २०१० च्या जून-जुलैत आल्या. इंजेक्शनची झायडस कॅडिलाची आणि नाकातली पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटची. तोवर जागतिक साथ संपत आली होती. लस बनवायला काही महिने लागतातच, हे पुढच्या नव्या फ्लूच्या वेळी लक्षात असू द्या.

शाळा, थिएटरं बंद केली, दहीहंडी गुंडाळली. त्याने काही झालं का?

थोडंसं. १४ ऑगस्ट २००९ ला दहीहंडी होती. मुंबई-ठाण्यातल्या बऱ्याच मंडळांनी ती रद्द केली किंवा साधेपणाने केली, शाळा-कॉलेजं काही दिवस बंद राहिली, सिनेमागृहंही. शाळा बंद ठेवल्याने साथीचा चढ थोडा मंदावतो आणि रुग्णालयांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. पण शाळा बंद आणि पोरं मॉलमध्ये, असं झालं की सगळं मुसळ केरात. नऊ दिवसांनी गणपती आले. ते लोक थांबवणार नव्हते आणि थांबले नाहीतच.

सगळा बागुलबुवाच होता ना? औषध कंपन्यांचं भलं झालं.

असा आरोप युरोपातही झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ ला जागतिक साथ जाहीर केली आणि १० ऑगस्ट २०१० ला ती संपल्याचं सांगितलं. तोवर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू १८ हजारांच्या वर होते. नंतरच्या अभ्यासात पहिल्या वर्षाचा खरा आकडा दीड लाख ते पावणेसहा लाख यांच्यामध्ये कुठेतरी असल्याचा अंदाज निघाला, कारण गरीब देशांत तपासणीच झाली नव्हती.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे तेव्हाची फ्लूची भयंकर साथ, तेवढी काही ही नव्हती. त्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. पण एप्रिल २००९ मध्ये विषाणू कोणत्या वळणावर जाईल ते कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय साथ 'संपल्यावर' २०१५ मध्ये त्याच विषाणूने भारतात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे ३ हजार बळी घेतले. तेव्हा ना रांगा लागल्या, ना कापूर संपला. आजार ओळखीचा झाला की त्याची भीती जाते, आजार जात नाही.

आमच्या सोसायटीत एकाला झाला आहे. त्यांची मोलकरीण आमच्याकडेही येते. तिला बंद करू?

ताईंना ताप-खोकला असेल तर आठवडाभर पगारी सुट्टी द्या. नसेल तर येऊ द्या. त्या घराच्या दारावर नोटीस लावणं, लिफ्ट बंद करणं, दूधवाल्याला अडवणं यातून एवढंच होतं की पुढचा रुग्ण आजार लपवतो. त्यांच्या दाराशी जेवणाचा डबा ठेवून फोन करा.

अँटिबायोटिक घेतलं तर लवकर बरं वाटेल?

नाही. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. न्यूमोनियात डॉक्टर देतात, ती वेगळी गोष्ट. तापाला पॅरासिटामॉल पुरे. मुलांना फ्लूत अॅस्पिरिन देऊ नका, त्याने यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो.

ताप गेला. कामावर कधी जाऊ? खोकला अजून आहे.

पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तर जा, पण पहिले काही दिवस मास्क लावून. मुलं जास्त दिवस विषाणू पसरवतात, त्यांच्या शाळेची घाई नको. कोरडा खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तो रोज थोडा कमी होत असेल तर औषधं बदलत बसू नका, वाढत असेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्या.